आठव्याचा अर्धा

नेल्डा कुबेनाने सोमवारी सकाळी पावणेसहाला शाळेच्या स्वयंपाकघराचं कुलूप उघडलं, तेव्हा तिचे गुडघे म्हणाले, बाई, आज राहू दे. नेल्डा म्हणाली, मला तरी कुठे हौस आहे. आणि तिने दिवे लावले.

एकतीस वर्षं ती या भट्ट्यांपुढे उभी होती. व्रानोव्ह गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं चिकन आणि मक्याचे दाणे खाऊन मोठ्या झाल्या. त्यातल्या काहींनी तर तिला स्वतःच्या लग्नाला बोलावलं आणि तिथेही वाढायलाच उभं केलं. पूर्ण पेन्शन हातात यायला अजून दोन वर्षं होती. दोन वर्षं ऐकायला काहीच नाहीत, पण सिमेंटच्या फरशीवर उभ्या असलेल्या बाईला विचारा.

दर मार्चमध्ये शाळेच्या ऑफिसातून एक पिवळा कागद यायचा. पुढच्या वर्षी येणार की नाही? दोन चौकोन, एकावर खूण करायची. यंदाचा कागद पंधरा दिवस तिच्या पर्समध्ये होता. खूण केली नव्हती, पण कुठल्या चौकोनात करायची ते तिने सकाळीच, गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. ती खालचं विकणार होती आणि मे महिन्यात शाळा सुटली की एका खुर्चीत बसणार होती.

आता खालचं म्हणजे काय, तर टेक्सासच्या या भागात एका जमिनीला दोन मालक असू शकतात. वरच्याची गाई-गुरं, गवत, कुंपण. खालच्याचं तेल आणि वायू, असलं तर. नेल्डाच्या आजोबांनी एक्केचाळीस साली आपलं एकशेचाळीस एकरांचं शेत क्लाइनेक नावाच्या शेजाऱ्याला विकलं. वरचं सगळं देऊन टाकलं, खालचं थोडं राखलं. आजोबा गेले, मग बाबा गेले, आणि ते राखलेलं वारसाने उतरत उतरत नेल्डा आणि तिचा धाकटा भाऊ अर्व्हिन यांच्यापाशी आलं. कागदोपत्री तो सगळा मिळून सोळावा हिस्सा होता. त्यातला अर्धा विओला आत्याचा, तो तिने केव्हाच विकला होता. उरलेल्यातला अर्धा अर्व्हिनचा, अर्धा नेल्डाचा. म्हणजे पोळीच्या तुकड्याच्या तुकड्याचा तुकडा.

पण त्या तुकड्यापायी पत्रं मात्र पोतंभर. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं ती पत्रं नेल्डाच्याच नावाने येत होती. कंपन्यांची पत्रं, दलालांची पत्रं, तालुक्याच्या कोर्टाकडून चार डॉलरच्या कराची नोटीस, तो भरल्याच्या पावतीचे आणखी अडीच डॉलर, बाबांच्या मृत्यूचा दाखला पुन्हा पाठवा, आईच्या लग्नाआधीच्या आडनावाचा पुरावा द्या. खालून आजवर तेलाचा एक थेंब वर आला नव्हता. वर आलं होतं ते फक्त टपाल.

सोमवारी दुपारी तिने त्यातल्या एका पत्रावरचा नंबर फिरवला, आणि मंगळवारी संध्याकाळी प्रुइट नावाचा तरुण तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की नेल्डाला आपल्या फरशीची लाज वाटली. कंपनीच्या वतीने लोकांचं खालचं विकत घेणं हे त्याचं काम. गोड चहाचा तिसरा ग्लास संपवत तो म्हणाला, "मिस नेल्डा, अडतीस हजार. एकरकमी. सही केली की पुन्हा कधी तुम्हाला पत्र येणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो."

पैशांपेक्षा ते दुसरं वाक्य तिला जास्त गोड लागलं. अडतीस हजारांत दोन वर्षं निघत होती, शिवाय एक गुडघाही नवा बसवता आला असता. उजवा गुडघा ठणकत होता, तो तिने टेबलाखाली जरा चोळला.

"एक्केचाळीस," प्रुइट म्हणाला.

नुसता गुडघा चोळला तर तीन हजार वाढले, दोन्ही चोळले असते तर काय झालं असतं, असं तिच्या मनात आलं. बाबा दर गुरुवारी वासरांच्या बाजारात बसायचे, आणि त्यांचं एक म्हणणं असायचं, की जे गिऱ्हाईक न मागता भाव चढवतो, त्याला वासरात असं काहीतरी दिसलेलं असतं जे तुम्हाला दिसलेलं नाही. ते तिला आठवलं. पण वासराच्या पोटाखाली वाकून बघायचं तर गुडघे लागतात. तिने विचारलं, "सही कुठे करायची?"

"इतक्यात नाही. आधी एक प्रतिज्ञापत्र लागेल. तुमच्या वडिलांचं मृत्युपत्र नाही, त्यामुळे त्यांना मुलं किती, लग्न किती, हे कोणीतरी जुन्या माणसाने लिहून द्यायचं. ज्याला यातून काही मिळणार नाही अशा माणसाने."

"माझी आत्या आहे. ब्याण्णव वर्षांची. तिने तिचा हिस्सा एकोणऐंशी सालीच विकला."

"उत्तम," प्रुइट म्हणाला. "कागद तुमच्यापाशी ठेवतो. मी शुक्रवारी येतो."

व्रानोव्हमध्ये पोस्ट ऑफिस असल्यामुळे बातम्यांसाठी वेगळी सोय लागत नाही. बुधवारी दुपारी नेल्डा घरी येऊन पाय उशीवर टाकते न टाकते तोच अर्व्हिन दारात हजर. सत्तावन्न वर्षांचा, डोक्यावर गवताच्या काड्या, आणि चेहऱ्यावर बाबांची गादी आपणच चालवतो असा भाव.

"ऐकतोय ते खरं का, ताई?"

"काय ऐकलंस?"

"पोस्टातली मेबेल म्हणाली, कंपनीची गाडी तुझ्या दारात सव्वा तास होती."

"एक तास दहा मिनिटं. मेबेलला म्हणावं, घड्याळ लाव."

अर्व्हिन खुर्ची ओढून उलटा बसला. "बाबांनी काय सांगितलं होतं? वरचं विका, पोटासाठी विकावंच लागतं. पण खालचं विकू नका."

"बाबांनी तुला मागचं कुंपण दुरुस्त करायलाही सांगितलं होतं. दोन हजार चार साली."

"ते वेगळं."

"बरोबर. त्यात काम होतं."

तो जरा हसला, पण हटला नाही. "मला सांग, ते तुझ्याकडे काय खायला मागतं? पडलंय बिचारं दोन मैल खाली. पडू दे की."

"तुझ्याकडे मागत नाही, माझ्याकडे रोज मागतं," नेल्डा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायला लागणारी ताकद तिने दुपारी अडीचशे पोरांच्या रांगेवर खर्च केली होती. "मागच्या महिन्यात तीन पत्रांना उत्तरं मी दिली. बाबांचा दाखला आणायला तालुक्याला मी गेले. तू काय केलंस?"

"सही केली की."

"सही कुठे करायची तिथे मी खुणेची चिठ्ठी चिकटवली होती. तरी तू दुसऱ्या ओळीवर केलीस, आणि ते सगळं मला पुन्हा पाठवायला लागलं."

अर्व्हिनने डोक्यातली एक काडी काढून बघितली, जणू ती तिथे कशी आली हेच त्याला नवल. मग म्हणाला, "तुझा हिस्सा तुझा. मी काही अडवू शकत नाही. पण आपल्या घरात खालचं विकणारी पहिली तू ठरशील."

"दुसरी. आत्याने विकलंय."

"आत्याला तेव्हा फ्रीझर हवा होता."

"मला बसायचंय," नेल्डा म्हणाली.

अर्व्हिन उठला. जाताना त्याने टेबलावरचे दोन कोलाचे, मध्ये गोड सारण भरलेले पाव, उचलले, एक जर्दाळूचा आणि एक खसखशीचा, आणि दारातून म्हणाला, "विचार कर एवढंच म्हणतो." त्याची गाडी जाईपर्यंत नेल्डाने विचार केला नाही. तिला झोप लागली होती.

गुरुवारी शाळेतून ती परस्पर विओला आत्याकडे गेली. आत्या चर्चच्या मागच्या छोट्या घरात एकटी राहायची आणि चर्चच्या जेवणावळीसाठी अजून स्वतःच्या हाताने शेवया कापायची. अंड्याच्या पोळ्या लाटून, वाळवून, गुंडाळून, आणि मग सुरीने अशा बारीक की दोऱ्यात ओवाव्यात. डोळ्यांनी आता तिला नीट दिसत नव्हतं, पण शेवया बोटांच्या हिशेबाने पडत. नेल्डा आली तेव्हाही सुरी चालूच होती.

"ये. तुझी पावलं ओळखू आली. डावा पाय टाकतेस आणि उजव्याची समजूत काढतेस."

"सही हवीय, आत्या."

"वाच आधी. न वाचता मी एकदा सही केली होती. फ्रीझर आला, तो सहा वर्षांत बंद पडला."

नेल्डाने प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. एमिल कुबेना, लग्न एक, मुलं दोन.

"अर्व्हिन धरलाय का त्यात?"

"धरलाय."

"धरावाच लागेल म्हणा." सुरी चालू होती. "आणि तू विकतेस काय, तोही कागद आणला असशील ना? तो वाच."

नेल्डा दमली होती, पण आत्यापुढे दमलेपणाचं काही चालत नाही. तिने विक्रीचा कागद काढला. "सदर शेताखालच्या तेल, वायू आणि इतर खनिजांमधला तिचा जो काही हिस्सा असेल तो सर्व, मग तो इथे बरोबर लिहिलेला असो वा नसो..."

"असो वा नसो?"

"तसंच लिहितात, आत्या. ठराविक मजकूर असतो."

"मी दहा पौंड शेवया देते तेव्हा दहा असोत वा नसोत असं लिहीत नाही. दहा असतात." आत्याने पोळीची नवी गुंडाळी पुढे ओढली. "मग बरोबर हिस्सा किती?"

"आजोबांनी राखलेला सोळावा. त्याचा पाव माझा."

"हा सोळावा, सोळावा एमिलही म्हणायचा. मला वाटायचं कराचं काहीतरी असेल. आमच्या बाबांनी कुठे सोळावा राखला होता?"

नेल्डाने जुन्या खरेदीखताची प्रत चाळली. टाइपरायटरची अक्षरं पुसट झाली होती. "हे बघ, एक्केचाळीस सालचं. विकणार आपल्या नावे राखून ठेवतो, उक्त जमिनीखालच्या तेल, वायू वगैरेंच्या एक अष्टमांशाचा अर्धा भाग. आठव्याचा अर्धा. म्हणजे सोळावा."

सुरी थांबली.

आधी ते नेल्डाच्या लक्षातच आलं नाही. त्या घरात सुरीचा आवाज घड्याळासारखा असायचा. थांबला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते पटकन कळत नाही.

"आठव्याचा, असं लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"हो."

"ते मी म्हटलं होतं."

नेल्डाने कागद खाली ठेवला.

"बाबांना इंग्रजी येत नव्हतं," आत्या म्हणाली. "घरात मोराव्हियन, तीच आपली चेक बोली, चर्चमध्येही मोराव्हियन. शाळेत जाणारी मी एकटी, थोरली, नऊ वर्षांची. दुकानात, डॉक्टरकडे, कोर्टात, सगळीकडे घराचं तोंड मी. त्या दिवशी बाबांनी मला तालुक्याला नेलं. क्लाइनेक होता, कारकून होता. बाबा म्हणाले, सांग त्याला, खालचं अर्धं माझं राहील. मी सांगितलं, अर्धं. कारकून म्हणाला, कशाचं अर्धं, मुली? आठव्याचं का? मी म्हटलं, हो. आठव्याचं."

"का पण?"

"कारण तेलाला आम्ही आठवाच म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं. तेव्हा कंपनी कोणालाही आठवाच हिस्सा द्यायची, तेलाच्या दर आठ पिंपांमागे एक जमीनवाल्याचं. कधी सात नाही, कधी नऊ नाही. त्यामुळे खाली जे काही आहे त्याचं नावच आठवा पडलं. तुमच्या आठव्याचं काय झालं, अमक्याने आठवा विकला, तमक्याने आठवा मुलीला दिला. आठवा म्हणजे किती, हे मला माहीत नव्हतं गं. मला तो शब्द माहीत होता."

"आणि कारकुनाला?"

"तोही याच गावचा. त्यालाही तसंच वाटलं असणार. त्याने टाइप केलं आणि मला पेपरमिंटची कांडी दिली."

आठवा म्हणजे सगळं, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी लिहिलं नाही. मग ते जाणणारी माणसं एकेक करून गेली, कागद उरला, आणि पुढच्यांनी शाळेत शिकलेल्या गणिताने तो वाचला. बाबांनीही तसाच वाचला. आजोबांनी राखलं होतं अर्धं. घरात पोचला सोळावा. नेल्डाने हिशेब मनातच केला. चार जणांची पाककृती घेऊन ती आठाने, साठाने गुणणं हा तिचा रोजचा धंदा. तिचं जे होतं ते, आत्या म्हणते तसं असेल, तर आठपट होतं.

माणसाला अशा वेळी आनंद व्हायला हवा. नेल्डाने वाट पाहिली, पण झालं ते एवढंच की उजवा गुडघा पुन्हा ठणकायला लागला. आठपट म्हणजे वकील. आठपट म्हणजे कोर्ट, आणि कोर्टात समोर कोण, तर त्या शेजाऱ्याचा नातू विल्बर्ट क्लाइनेक, जो दर रविवारी चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसतो आणि शांती असो म्हणून मागे वळून हात मिळवतो. खालचं उरलेलं सगळं त्याच्या घराकडे आहे असं तोही आजवर धरून चाललाय. पुन्हा पत्रं, पुन्हा दाखले. आणि तो प्रुइट. असो वा नसो लिहिणारा प्रुइट. आपण ताकाला आलोय हे तो सांगत होता आणि भांडं पाठीमागे धरून बसला होता.

"बाईसाहेब," आत्या म्हणाली, "करून टाकू ती सही."

"कसली?"

"प्रतिज्ञापत्रावरची. एमिलला मुलं दोन, यात खोटं काही नाही. ऐकलंस ते सोड. माझ्याशिवाय हे सांगणारं कोणी जिवंत नाही, आणि मी काही फार दिवस बडबडणार नाही. तुला बसायचंय ना? मी गप्प बसते, तू खाली बस."

ती चेष्टा करत नव्हती. तिने हात पुढे केला होता, पीठ लागलेला, आणि तो पेनाची वाट बघत होता. नेल्डाला तो हात घट्ट धरावासा वाटला आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसंही वाटलं. एक सही, आणि मे महिना.

"उद्या बघू," ती म्हणाली आणि कागद पर्समध्ये घातले.

आत्याने सुरी उचलली. पण नंतर कापलेल्या शेवया जाड पडत होत्या. नेल्डाने ते पाहिलं.

शुक्रवारी प्रुइटला तिने घरी बोलावलं नाही. शाळेतच बोलावलं, दुपारची पंगत उठल्यावर. अडीचशे ताटल्या धुण्याच्या मशीनमधून वाफाळत बाहेर येत होत्या. तो मागच्या दाराने आला, आणि ओल्या फरशीवर त्याचे स्वच्छ बूट घसरता घसरता राहिले. तिने त्याला उरलेला पीचचा गोड पदार्थ वाढला. इथवर आलेल्याला उपाशी धाडायची तिला सवय नव्हती.

"सही मिळाली?" त्याने विचारलं.

"मिळेल. एकच दुरुस्ती हवीय." तिने विक्रीचा कागद स्टीलच्या ओट्यावर ठेवला, एप्रनला हात पुसले आणि बोटाने ती ओळ दाखवली. "इथे जो काही हिस्सा असेल तो, असं नको. इथे लिहा, एक षोडशांशाचा पाव. आणि खाली लिहा, याहून जास्त काही नाही. तेवढं लिहा, मी आत्ता सही करते."

आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात होतं की त्याने लिहावं. त्याने लिहिलं असतं तर आत्याचं म्हणणं म्हणजे म्हातारपणीची आठवण ठरली असती, नेल्डाने अडतीस-एक्केचाळीस जे असेल ते घेतलं असतं, आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. ती त्याच्या पेनाकडेच बघत होती.

प्रुइटने चमचा खाली ठेवला. "कंपनी असा कागद घेत नाही, मिस नेल्डा."

"का?"

"पद्धत आहे."

"तुम्ही सोळाव्याचेच पैसे देताय ना? मग सोळावा लिहायला काय हरकत आहे?"

"चव्वेचाळीस," तो म्हणाला.

"मी गुडघा चोळला नाहीये."

त्याला ते कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. जवळून बघितलं तर तो सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, डोळ्यांखाली काळं, शर्टाला मोटेलमधल्या साबणाचा वास. तोही आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरांतून फिरत होता. नेल्डाने आवाज खाली आणला. "मुला, कागदात आणखी काही आहे का, जे तुला दिसतंय आणि मला नाही?"

प्रुइटने ताटली थोडी पुढे सरकवली, मग थोडी मागे. "मला हे विचारू नका, मिस नेल्डा. मला पगार मिळतो तो न सांगण्याचा."

"बरं," ती म्हणाली. "तो गोड पदार्थ तरी संपवून जा."

त्याने संपवला. ताटली स्वतः मशीनपाशी नेऊन ठेवली, आणि ओल्या फरशीवरून सांभाळत निघून गेला.

नेल्डा भांड्यांच्या खोलीत एका उलट्या दुधाच्या क्रेटवर बसली आणि तालुक्याच्या वकिलाला फोन लावला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं, तारीख विचारली, ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, त्या काळचे असे कागद आणखीही आहेत, आठवा म्हणजे सगळं असं मानायला हल्ली जागा आहे, पण छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. क्लाइनेकांना नोटीस जाईल, ते त्यांचा वकील करतील. आत्याबाईंचं म्हणणं कामाला येईल की नाही हेही सांगता येत नाही, पण ब्याण्णव वर्षांच्या बाई आहेत, तेव्हा आधी ते लिहून घेऊ. मंगळवारी अकराला आणा.

"किती दिवस चालेल हे?"

"दोन वर्षं धरा," वकील म्हणाला.

नेल्डाला हसू आलं. म्हणजे जी दोन वर्षं विकत घ्यायला ती निघाली होती, ती आता फुकटात मिळत होती, फक्त उभ्याने. तिने पर्समधून पिवळा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि येणार या चौकोनात खूण केली. पेन नीट उमटलं नाही, तेव्हा तिने ती गिरवली.

मग तिने अर्व्हिनला फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, कारकून, पेपरमिंट, असो वा नसो. सांगता सांगता ट्रॅक्टर बंद झाला.

"म्हणजे विकत नाहीस," अर्व्हिन म्हणाला.

"नाही. किती आहे तेच माहीत नाही, तर विकू काय?"

"बाबांना बरं वाटलं असतं, ताई."

"बाबांचं सोड. मंगळवारी अकरा वाजता आत्याला तालुक्याला वकिलाकडे न्यायचंय. दहाला तिच्या दारात गाडी हवी. तिला पुढच्या सीटवर बसव, पायाखाली काहीतरी ठेव, आणि वाटेत तिला चुकूनसुद्धा म्हणू नकोस की चूक तुझी होती."

"मंगळवारी? मंगळवारी माझं गवत कापायचंय."

मशीनमधून ताटल्यांची शेवटची खेप बाहेर आली आणि थांबली. इतकी वर्षं अशा वेळी ती म्हणायची, बरं, राहू दे, मी बघते. ते शब्द अगदी जिभेच्या टोकाशी येऊन उभे होते. तिने ते गिळले आणि क्रेटवर तशीच बसून राहिली. पलीकडे अर्व्हिनने घसा खाकरला. कुठेतरी एक गाय हंबरली.

"ताई?"

नेल्डाने एप्रनची गाठ सोडली.

"पाऊसही सांगितलाय म्हणे बुधवारी," तो म्हणाला.

"बरं," अर्व्हिन शेवटी म्हणाला. "वकिलाचं ऑफिस नेमकं कुठेय? थांब, लिहून घेतो."